डाव्या हाताचा अर्ज

त्या वर्षी कापूस आमच्या घरात राहायला आला होता. नेरच्या बाजारात भाव पडलेला, खरेदी केंद्रापुढची बैलबंड्यांची रांग पाच-पाच दिवस जागची हलत नसे, आणि गावात ज्याच्या-त्याच्या घरी वेचलेला कापूस तसाच भरून ठेवलेला. आमच्या चार एकरांतला सगळा कापूस समोरच्या खोलीत जमिनीपासून आढ्यापर्यंत चढला होता. उरलेल्या मधल्या खोलीत आणि स्वयंपाकघरात आम्ही तिघं, बाबा, माय आणि मी. अंगाला खाज सुटायची, भाकरीत धागा निघायचा, उशीपासून देवळीतल्या कंदिलापर्यंत सगळ्याला सरकीचा वास यायचा. पण मला जास्त आठवतं ते दुसरंच. कापसानं भरलेल्या घरात आवाज मुरतो. माय सकाळी भाकरी थापायची तर तो आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटे. पितळी हातातून पडली तरी दबकी वाजे. अशा घरात माझे बाबा कित्येक आठवडे जवळजवळ न बोलता बसून होते. म्हणून त्यांचं ते गप्प राहणं आणि तो कापूस माझ्या मनात एकमेकांत अडकून गेले आहेत.

बाबा गावातल्या प्राथमिक शाळेत गुरुजी होते. त्यांचं अक्षर पाहायला लोक थांबत, हे मी मुलगी म्हणून वाढवून सांगत नाही. शिक्षकांच्या सभेत त्यांचं हजेरीबुक हातोहात फिरायचं. आमच्या विहाराच्या भिंतीवर पंचशील त्यांनीच निळ्या रंगात लिहिलं होतं. त्याला दोन महिने लागले होते, आणि एक ओळ त्यांनी तीनदा पुसून पुन्हा काढली होती. गावात कुणाला दाखल्यासाठी अर्ज हवा, सुरतेला गेलेल्या मुलाला पत्र पाठवायचंय, लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर पाहिजे, तर माणूस आमच्या ओट्यावर येऊन बसे. बाबा आधी हात धुवायचे, टॉवेलनं बोटं एकेक करून पुसायचे, आणि मग कागद पुढं ओढायचे. लिहिताना त्यांच्याशी कुणी बोलत नसे. मायही चहा ठेवून मागच्या पावली जायची.

मलाही त्यांनी तसंच घडवायला घेतलं होतं. माझं अक्षर त्यांच्यासारखं होतं, आजही आहे. पण ते कसं आलं तेही सांगायला पाहिजे. वहीत एक शब्द चुकला की ते पान जायचं. बाबा ओरडत नसत, मारणं तर दूरच. ते पट्टी घेत, पानावर आतल्या बाजूनं सरळ ठेवत, आणि पान हळूच, एका सरळ रेषेत फाडून काढत. मग म्हणत, "आता नीट लिही." दहा वर्षांची झाले तेव्हा पान फाडायला मला बाबा लागत नव्हते. माझ्या वह्या वर्गात सगळ्यांत सुंदर असत आणि सगळ्यांत पातळही. नववीच्या वार्षिक परीक्षेला इतिहासाच्या पेपरात माझ्या हातून नकाशावर शाई सांडली. परीक्षेत पान फाडता येत नाही. मी त्या डागाकडं पाहत बसले, रबरानं घासत बसले, कागदाला भोक पडलं, आणि शेवटची घंटा झाली तेव्हा अर्धा पेपर कोरा होता. मी कशीबशी वर ढकलली गेले. अभ्यास केला नाही असं बाबांनी धरलं. मीही खरं कारण सांगितलं नाही, कारण खरं कारण जास्त लाजिरवाणं वाटत होतं.

त्याच उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी बाबांच्या हातून चहाचा कप सुटला. ते त्या सांडलेल्या चहाकडं नवल वाटल्यासारखे पाहत राहिले आणि उजवीकडं कलंडले. लकवा. यवतमाळला दवाखान्यात वीस दिवस काढून आम्ही त्यांना परत आणलं तेव्हा काठीच्या आधारानं ते अंगणापर्यंत जाऊ शकत होते. बोलणं मात्र जाड झालं होतं, तोंडात सुपारी असावी तसं. आणि उजवा हात मांडीवर पडून असे, दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला घेतल्यासारखा. डॉक्टरांनी डाव्या हातानं जेवा, डाव्या हातानं लिहा, रोज थोडं थोडं करा असं बजावलं होतं. बाबांनी मान हलवली आणि घरी आल्यावर त्यातलं काहीही केलं नाही. भेटायला माणसं आली की ते डोळे मिटून घेत. जेवण माय भरवायची. कढीत भाकर कुस्करून, वरून थोडं तेल आणि चिरलेला हिरवा सांभार, म्हणजे कोथिंबीर. तेसुद्धा दार लोटून. एकदा ती म्हणाली, "डाव्या हातानं खाऊन पाहाना जी. सांडलं तं सांडलं." बाबा सावकाश म्हणाले, "अर्धंमुर्धं मले जमत नाई." एवढं बोलायलाही त्यांना किती वेळ लागला. मग भिंतीकडं तोंड करून बसले.

जूनच्या आधी कापूस एकदाचा विकला. ज्या भावानं गेला त्याबद्दल घरात कुणी बोललं नाही. पण खोली रिकामी झाली तशी घरात आवाज परत आले. चिमण्या, मायच्या बांगड्या, शेजारच्या गुलाबभाऊंचा रेडिओ. माझं लक्ष त्या आवाजांत नव्हतं, कारण आणखी एक आवाज बंद झाला होता. रस्त्यावरचा जिनिंगचा कारखाना त्या हंगामात बंद पडला. तिथं कामाला जाणारी माणसं आमच्या एस.टी.नं जात-येत असत. माणसं संपली तशी गाडीही संपली. शाळा उघडायच्या आठवड्यात सकाळची गाडी आली नाही, दुसऱ्या दिवशी आली नाही, आणि मग समजलं की ती फेरीच रद्द झाली आहे. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत, पुढचं शिक्षण नेरला. मुलगे सायकलींवर गेले. आम्ही नऊ मुली घरी बसलो. मी दहावीत होते.

गुलाबभाऊंची रेखा माझ्याच वर्गातली. बी टाकून झाल्यावर एका संध्याकाळी गुलाबभाऊ ओट्यावर आले, आत बाबांकडं एकवार पाहिलं, आणि मला म्हणाले, की डेपोत एका सोमवारी कोणत्या फेऱ्या ठेवायच्या ते ठरणार आहे, त्याच्या आत गावाचा अर्ज पोचला पाहिजे. "सुजाता, तू गुरुजीची पोरगी हायस. तुह्यासारखं अक्षर गावात कोणाचं नाई. तूच लिही." हातात दहा दिवस होते. मला इतका अभिमान वाटला की त्या रात्री मी जेवलेही नाही.

दुसऱ्या दिवशी हात धुऊन, बोटं पुसून मी बसले. पहिल्या कागदावर चौथ्या ओळीत 'विनंती'ची वेलांटी जरा मोठी आली. फाडला. दुसऱ्यावर समास वाकडा वाटला. तिसरा जवळजवळ पूर्ण झाला होता, पण खालचं 'आपले नम्र' कागदाच्या मधोमध येईना. मी वाणसामानाच्या दुकानातून आणखी कागद आणले. गुलाबभाऊ रोज संध्याकाळी विचारून जात, आणि मी रोज म्हणे, "उद्या देते काका." मला तेव्हा खरंच वाटत होतं की उद्या तो कागद जमेल, बाबांच्या हातच्यासारखा, आणि डेपोतले साहेब तो पाहून थक्क होतील. अर्ज कशासाठी आहे हे माझ्या डोक्यातून निघूनच गेलं होतं. माझ्यापुढं फक्त तो कागद होता. सोमवार आला तेव्हा मी अठराव्या कागदावर होते. मंगळवारी गुलाबभाऊ आले. मी मान खाली घालून उभी होते, म्हणून मायनं त्यांना चुलीजवळचा कागदांचा ढीग दाखवला. ती वाचू शकत नव्हती. तिला ते सगळे सारखेच दिसत होते. गुलाबभाऊंनी एक उचलला, उलटसुलट केला, परत ठेवला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की रेखाला उद्यापासून निंदणाला लावतो, घरी बसून तरी काय करणार. ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन चुलीकडं तोंड करून बसले.

हे सगळं बाबांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मायला ते कागद मागितले. काही चुलीत गेले होते, पण बरेच उरले होते. समोरच्या रिकाम्या खोलीत आता त्यांची खुर्ची परत आली होती. त्यांनी डाव्या हातानं एकेक कागद मांडीवर घेतला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मी दारात उभी. बाहेर माय वांगी चिरत होती, तिच्या विळीचा आवाज येत होता. शेवटचा कागद खाली ठेवून बाबा म्हणाले, "ह्यातला कोणताबी एक दिला असता तं मोटार चालू झाली असती."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. लकवा झाल्यापासून असं सरळ त्यांनी कुणाकडंच पाहिलं नव्हतं.

"हे म्या शिकवलं तुले," ते म्हणाले.

मग बराच वेळ ते मांडीवरच्या आपल्या उजव्या हाताकडं पाहत राहिले. त्यांच्या मनात तेव्हा काय झालं ते मला कधीच कळलं नाही, आणि पुढं विचारायचं धाडसही झालं नाही. मला फक्त नंतरचं दिसलं. ते म्हणाले, "कागद दे. पेन दे." मी पाटी आणू का विचारलं, कारण डाव्या हाताला सवय नव्हती. त्यांनी मान हलवली. पाटी नको, कागदच.

पहिल्या दिवशी संपूर्ण सकाळ गेली ती 'प्रति' या एका शब्दात. कागद सरकत होता, कारण तो धरून ठेवायला दुसरा हात नव्हता. मायनं पाट्यावरचा वरवंटा धुऊन आणला आणि कागदाच्या कोपऱ्यावर ठेवला. बाबांनी पेन मुठीत धरलं, मग बोटांत घेतलं, मग पुन्हा मुठीत. 'प' काढताना त्यांच्या कपाळावर घाम आला. तो 'प' सुपारीएवढा होता, एका पायावर लंगडत होता, आणि त्याची शिरोरेघ वर जाऊन पुन्हा खाली आली होती. ज्या माणसानं भिंतीवर एक ओळ तीनदा पुसली होती तो त्या 'प'कडं पाहत होता. मला खात्री होती की आता ते कागद चुरगाळतील. त्यांनी पेन पुढं नेलं आणि 'र'साठी ती तिरकी रेघ ओढली.

मी आयुष्यात पुष्कळ काही पाहिलं. अजिंठ्याच्या लेण्यांत जाऊन आले, समुद्र पाहिला, माझ्या स्वतःच्या मुलीचा जन्म पाहिला. पण ते अकरा दिवस आठवले की आजही अंगावर काटा येतो. रोज सकाळी चहा झाला की बाबा खुर्चीत बसत, माय वरवंटा ठेवी, आणि ते लिहू लागत. कधी दोन ओळी होत, कधी अर्धी. एक दिवस ताप आला, त्या दिवशी काहीच झालं नाही. मायला अक्षर येत नव्हतं, पण ती रोज दुपारी शेतावर जायच्या आधी कागदावर बोट ठेवून ओळी मोजे आणि म्हणे, "आज दोन झाल्या." तिच्या आवाजात कौतुकबिवतुक काही नसे, पेरणीत शेतातल्या ओळी, तासं, मोजावीत तसं ती मोजायची. चौथ्या दिवशी 'विद्यार्थिनी' हा शब्द आला. बाबांचा हात 'द्या'पाशी अडकला, काना दुसरीकडं गेला, आणि तिथं काहीतरी भलतंच तयार झालं. माझा हात आपोआप कागदाकडं गेला. मी तो फाडणारच होते. त्यांनी पेन सोडून डावा तळवा कागदावर दाबून धरला.

"बाबा, दुसरा कागद आणते मी."

"कायले? हे तीन ओळी कायच्या वाईट हायेत?"

त्यांनी त्या शब्दावर एक आडवी रेघ मारली, आणि त्याच्याच पुढं तो शब्द पुन्हा लिहायला घेतला. दुसऱ्यांदाही तो नीट आला नाही, पण वाचता येत होता. ते पुढच्या शब्दाकडं गेले. माझ्या बाबांच्या हातून खाडाखोड होताना मी पहिल्यांदा पाहत होते, आणि मला ते पाहावत नव्हतं, आणि नजरही हटवता येत नव्हती. आठव्या की नवव्या दिवशी गुलाबभाऊ आले असताना मायनं ताट आणलं, अंबाडीची भाजी आणि भाकर. बाबांनी त्यांच्यासमोर डाव्या हातानं घास घेतला. अर्धा सदऱ्यावर सांडला. गुलाबभाऊ पावसाबद्दल सांगत राहिले आणि बाबा जेवत राहिले. माय स्वयंपाकघरात गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

अकराव्या दिवशी अर्ज पूर्ण झाला. एक पान. ओळी उतारावरच्या बंडीसारख्या खाली घसरलेल्या, पाच ठिकाणी खाडाखोड, दोन ठिकाणी शाईचे ठिपके. गावातल्या माणसांनी तो पाहिला आणि त्यांची पंचाईत झाली. गुरुजींना दुखवायचं नव्हतं. गुलाबभाऊंनी हळूच सुचवलं, की सुजाता यावरून चांगल्या अक्षरात उतरवून देईल, नाहीतर नेरला टाईप करून घेऊ. मीही म्हणाले, एका दिवसात देते. बाबांनी माझ्याकडं पाहून मान हलवली. "हाच जाईन," ते म्हणाले. मग ओट्यावर बसून लोकांनी सह्या केल्या, अंगठे उठवले, आणि शेवटी आम्ही नऊ जणींनी आपापली नावं लिहिली. रेखाच्या बोटांना निंदणानं चिरा पडल्या होत्या. माझी सही त्या कागदावर इतकी देखणी दिसत होती की मला तिची लाज वाटली.

डेपोत बाबा स्वतः गेले. मी, गुलाबभाऊ आणि ते, काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं. साहेबांच्या खोलीबाहेर दोन तास बसावं लागलं. साहेब मध्यम वयाचे, चष्मा कपाळावर सारलेला, कामात बुडालेले. त्यांनी कागद हातात घेतला, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "हे कोणी लिहिलं?" त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं असावं की एखाद्या लहान मुलाच्या हातून लिहून घेतलंय. गुलाबभाऊ उत्तर द्यायला पुढं झाले. मी फरशीकडं पाहू लागले.

"म्या लिहिलं," बाबा म्हणाले. शब्द जाड निघाले, पण निघाले. "उजवा हात गेला. डाव्यानं शिकून राह्यलो."

अनोळखी माणसापुढं ते चार महिन्यांत पहिल्यांदा बोलले होते. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, बाबांना बसायला सांगितलं, आणि ओळीवर बोट ठेवत ठेवत तो अर्ज वाचू लागले. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. खालून चौथ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. ते म्हणाले, गुरुजी, हे लागत नाही मला, तुम्हीच वाचून दाखवा. बाबांनी कागदाकडं पाहिलंही नाही. ती ओळ लिहायला त्यांना दोन दिवस लागले होते, ती त्यांना पाठ होती. त्यांनी ती सावकाश म्हटली, एकेक शब्द उचलून ठेवावा तशी: "मुलीची शाळा एकदा सुटली की ती पुन्हा लागत नाही, हा माझा चौतीस वर्षांचा अनुभव आहे."

साहेबांनी कागद टेबलावर ठेवला. मग जे खरं होतं ते त्यांनी सांगितलं. फेऱ्या ठरून गेल्या होत्या, तारीख निघून गेली होती, आता दोन-तीन महिन्यांनी पुन्हा आढावा होईल, तेव्हा हा अर्ज पुढं ठेवता येईल. शब्द देत नाही म्हणाले. शिक्का मारून त्यांनी पोच दिली आणि दारापर्यंत सोडायला आले.

परतताना जीपमध्ये मी रडत होते. तारीख माझ्यामुळं गेली होती, हे गुलाबभाऊंनाही माहीत होतं आणि बाबांनाही. कुणीतरी ते बोलून दाखवावं असं मला वाटत होतं. बाबांनी डाव्या हातानं माझा खांदा धरला, खड्ड्यांतून जाताना आधारासाठी धरला की माझ्यासाठी, ते सांगता येत नाही. "मंग दुसरा लिहू," ते म्हणाले.

गाडीसाठीचाच दुसरा अर्ज नऊ दिवसांत झाला. तिसरा सहा दिवसांत. अक्षर सुधारलं असं म्हणता येणार नाही, पण ते उभं राहायला लागलं होतं. आणि ते लिहीत असताना त्याच खोलीत, भिंतीला टेकून, मी माझा अभ्यास सुरू केला. बाबांनी अट एकच घातली होती, वहीचं पान निघता कामा नये. पहिल्यांदा मी एका चुकलेल्या शब्दावर रेघ मारली तेव्हा वही मिटून ओट्यावर जाऊन बसले होते, हे आता कुणाला सांगितलं तर हसेल. मी दिवसाला एक उत्तर लिहायची. मग दोन. हळूहळू निंदणाहून परत आल्यावर रेखा येऊन बसू लागली, तिच्या मागून आणखी मुली. आमच्याकडं शिकवायला कुणी नव्हतं. एक जण अडखळत वाचायची, बाकीच्या ऐकायच्या, आणि बाबा मधेच एखादा शब्द दुरुस्त करायचे. त्यांचं बोलणं कळायला आम्हाला वेळ लागे, आणि आम्ही थांबायचो. माझी वही पोळ्यापर्यंत जाड झाली. ती उघडली की आत रेघाच रेघा, ठिपके, बाण. मी ती कुणाला दाखवत नसे, पण रात्री उशाशी घेऊन झोपत असे.

गाडी दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात आली. आम्ही मागितल्या होत्या दोन फेऱ्या, मिळाली एक. तीही आठवड्यातून एखाद-दोन दिवस यायचीच नाही. त्या पहिल्या सकाळी गावातली निम्मी माणसं फाट्यावर जमली होती. लाल धूळ उडवत ती वळणावर दिसली तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे नुसते बघत उभे राहिले. आम्ही चढलो त्या सात जणी. नऊ नव्हत्या. एकीचं सगळं कुटुंब तोवर कामासाठी पुण्याकडं निघून गेलं होतं, आणि एकीची सोयरीक झाली होती. त्या दोघींची नावं मी इथं लिहीत नाही. त्यांतली एक मला अजून भेटते. तिनं मला कधी दोष दिला नाही, कारण त्या अठरा कागदांची गोष्ट तिला ठाऊक नाही. मला आहे. माझ्या हातून पुढं जी काही कामं झाली, अर्धवट, डागाळलेली, उशिरा, पण झाली, त्या प्रत्येक कामाच्या वेळी त्या दोघी मला दिसत आल्या.

मार्चमध्ये परीक्षा दिली. गणिताच्या पेपरात दुसऱ्याच प्रश्नाला मी रीत चुकले. अर्धं पान वाया गेलं होतं. हात थांबला. मग मी त्या अर्ध्या पानावर तिरकी रेघ मारली आणि खाली तिसरा प्रश्न लिहायला घेतला. एवढंच. याहून मोठं काही मी त्या दिवशी केलं नाही, आणि माझ्यापुरतं त्याहून मोठं काही मी नंतरही फारसं केलेलं नाही. त्यानंतरची किती पानं मी भरली, ती सुंदर होती की नव्हती, मला आठवत नाही.

निकाल आणायला मी आणि रेखा त्याच गाडीनं गेलो. दोघी पास झालो होतो, मी द्वितीय श्रेणीत. नववीपर्यंत ज्या मुलीकडून लोकांनी पहिल्या नंबराची अपेक्षा धरली होती तिच्या मानानं हा निकाल साधाच. मी फाट्यावर उतरले आणि धावत सुटले. अंगणात माय तुरी पाखडत होती, तिला ओरडून सांगितलं, तिनं सूप खाली ठेवून पदरानं तोंड पुसलं. मी आत शिरले.

बाबा खुर्चीत बसून लिहीत होते. गावात नर्सबाई महिना-महिना येत नव्हती, त्यासाठीचा अर्ज होता तो. माझी चाहूल लागली तशी त्यांनी मान वर न करता डावा हात, पेनासकट, जरासा उचलला. थांब, ओळ पुरी होऊ दे. मग हात पुन्हा कागदावर टेकला. एक अक्षर झालं. त्याच्यावर मात्रा चढली. पुढचं अक्षर सुरू झालं. मी निकालाचा कागद हातात धरून उभी राहिले, आणि ती ओळ पुरी व्हायला लागला तितका वेळ पाहत राहिले.